यादी लागली का?

(आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

सांगली-मिरजेकडे पावसाळा सुरू झाला की दोन प्रश्न घरोघरी ऐकू येतात. पहिला, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं? आणि दुसरा, मेडिकलची यादी लागली का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तासातासाला मिळतं. दुसऱ्याला महिना लागतो, दोन महिने लागतात, कधी तर दिवाळीचा फराळ संपला तरी उत्तर आलेलं नसतं. ज्याच्या घरात बारावीचं पोर आहे तो तेवढे दिवस जेवतो, झोपतो, कामावर जातो, पण त्याचं अर्धं चित्त कुठल्यातरी फलकावर टांगलेलं असतं.

डॉक्टरांची चरित्रं आपण लिहितो. कॉलेजांचे रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव करतो, स्मरणिका काढतो. पण दाराबाहेर उभा राहिलेला, कागदांची पिशवी छातीशी धरलेला जो उमेदवार आहे, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. मी लिहावा असा माझा अधिकार नाही. मी आर्ट्सचा माणूस, बी.ए. झालेला, कविता करणारा. मेडिकलशी माझा संबंध एवढाच, की मिरजेच्या आमच्या मोहल्ल्यात अक्षर बरं असलेला आणि मराठी अर्जाची भाषा येणारा म्हणून दोन-अडीच तपं अर्ज भरण्याचं काम माझ्याकडे आलं. रेशनकार्डाचे, विजेच्या मीटरचे, आणि दर जून-जुलैला मेडिकलचे. कोणत्या काळात कोणता रकाना आला आणि कोणता गेला, हे मी पाहत आलो. आज त्याच अंगानं बोलणार आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. तिथून १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, ती आठ जणांची. त्यात भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते. बाकीच्यांत पारशी आणि गोव्याकडचे ख्रिस्ती. त्या आठ नावांत एकही मुसलमान नाव नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. यादी हातात आली की आपलं नाव शोधायची माणसाची सवय असते, पावणेदोनशे वर्षं जुनी यादी असली तरी. त्या काळी अडचण जागांची नव्हतीच. प्रेताला हात लावायला तयार होणारी आणि इंग्रजीतून शिकू शकणारी मुलं मिळवणं हीच अडचण होती. कॉलेज विद्यार्थ्यांची वाट पाहत होतं. पुढे पारडं इतकं उलटं फिरेल, असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

वाट पाहण्याची पहिली खरी मराठी कहाणी आनंदीबाई जोशींची. ती आपण शाळेपासून ऐकतो, श्री. ज. जोशींची कादंबरी अनेकांनी वाचलेली असते. पण तिचा एक धागा आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा आहे, तिकडे फारसं लक्ष जात नाही. गोपाळरावांची नोकरी पोस्टातली, सतत बदलीची. ते कोल्हापुरात असताना, १८७८ च्या सुमाराला, पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. कोल्हापुरात अनेक वर्षं काम करून अमेरिकेला परतलेले वाइल्डर नावाचे मिशनरी तिकडे एक मासिक चालवत. त्यात हा पत्रव्यवहार १८८० साली छापून आला, सोबत वाइल्डरसाहेबांचं फारसं उत्साह न देणारं उत्तर. आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. कोणाची वाट कुठे जाऊन कोणाच्या वाटेला मिळते, पाहा.

त्यानंतर तीन वर्षं जहाजातून पत्रं जात-येत राहिली. आज आपण ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून कासावीस होतो. तिथे एका पत्राचं उत्तर यायला महिने लागत. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून आपण का जातो हे लोकांना सांगितलं. एप्रिलात कलकत्त्याहून त्या निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ प्रवेशाचा कागद नव्हता. अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजकडे अर्ज केला आणि तिथल्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना घेतलं. समुद्र ओलांडून आधी जायचं आणि मग अर्ज करायचा, ही अठरा वर्षांच्या मुलीची हिंमत. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागात त्यांची नेमणूक केली. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं कोल्हापूरचं सीपीआर. आता ते सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे आणि तिथे दरवर्षी मुली प्रवेश घेतात.

आता मिरज. विल्यम वान्लेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आला. आधी सांगलीत दवाखाना, मग मिरजेत १८९४ साली हॉस्पिटल. मिरज हे रेल्वेचं जंक्शन. लांबून, कर्नाटकातून, कोकणातून पेशंट गाडीनं येत. ‘मिरजेला नेलं’ म्हणजे शेवटचा उपाय केला, असा अर्थ खेड्यापाड्यांत होता. माझ्या लहानपणीही तो शिल्लक होता. या वान्लेससाहेबांनी १८९७ मध्ये मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. प्लेगचे दिवस. मिशनच्या दवाखान्यांना हाताखाली काम करणारे शिकलेले लोक हवे होते, त्यासाठी ही शाळा. तिथे प्रवेश म्हणजे गुणांची यादी नव्हे. कोणीतरी पाठवावं लागे, तुमच्याबद्दल खात्री द्यावी लागे. शिकून परत आमच्याकडे येईल, गोरगरिबांत काम करील, अशी. १९२८ मध्ये वान्लेस ‘सर’ झाले, त्याच वर्षी त्यांनी मिरज सोडली आणि १९३३ मध्ये ते वारले. सांगली-मिरज रस्त्यावरची वान्लेसवाडी त्यांच्या नावाची. तिथून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

खात्रीपत्रावर चालणाऱ्या या पद्धतीचा गुण असा की डॉक्टर कशासाठी व्हायचं हा प्रश्न आधी विचारला जाई. दोष असा की ज्याला पाठवणारं कोणी नाही, त्याला दारच नाही. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. दक्षिण सातारा नावाचा आपला जिल्हा त्याच वर्षी सांगली झाला. १९६२ साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज उघडलं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. पुढच्या वर्षी सोलापूरचं मेडिकल कॉलेज. मिरजेचं कॉलेज मिशन हॉस्पिटलचा हात धरूनच उभं राहिलं. सरकारची मुलं वान्लेस हॉस्पिटलात पेशंट तपासायला शिकू लागली. त्याआधी सांगली-साताऱ्याच्या मुलाला पुणं, नाहीतर मुंबई. पुण्याचं बी. जे. कॉलेजही १९४६ पर्यंत शाळाच होतं, कॉलेज नंतर झालं. म्हणजे १९६२ पूर्वी वाळवा, तासगाव, जतच्या शेतकऱ्याच्या घरी ‘आमचा पोरगा डॉक्टर होणार’ हे वाक्य बोलायला फार मोठी छाती लागे. मिरज झाल्यावर ते वाक्य एस.टी.च्या तिकिटाच्या अंतरावर आलं.

आणि तिथूनच गर्दी सुरू झाली. तेव्हा इंटर सायन्सच्या बी ग्रूपवर सगळं ठरे. १९७७ पासून बारावीची परीक्षा आली, मग फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तिघांची बेरीज. पीसीबी हा शब्द आमच्या मोहल्ल्यात अशिक्षित बायकांनाही पाठ झाला. ‘पीसीबी कितना है?’ असं विचारून त्या मुलाची किंमत करायच्या. शिवाजी विद्यापीठाच्या टापूत सरकारी कॉलेजं दोन, मिरज आणि सोलापूर. कोल्हापूरला २००१ च्या सुमारास आणि साताऱ्याला तर २०२१ मध्ये मुलं घेतली गेली. चाळीस वर्षं चार जिल्ह्यांचा भार दोन दरवाजांवर.

ऐंशीच्या दशकात मी शाळेत होतो तेव्हा चुलतभावाच्या सायकलवर डबलसीट बसून पंढरपूर रस्त्यावरच्या कॉलेजात यादी बघायला गेलो होतो. त्याच्या मित्राचं नाव शोधायचं होतं. फलकाला जाळी, जाळीच्या आत टंकलिखित कागद, कार्बनची तिसरी प्रत असावी, अक्षरं पुसट. पुढचे लोक मागच्यांना नंबर ओरडून सांगत होते. एक गृहस्थ धोतर-टोपीत, बहुधा लांबून आलेले, यादीवर बोट ठेवून खालून वर वाचत होते. सगळे वरून खाली वाचत होते आणि हे खालून वर. मला तेव्हा गंमत वाटली. आपलं नाव असेल तर शेवटीच असेल, असा त्यांचा हिशेब होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

त्या काळातला अर्ज म्हणजे कागदांचं गाठोडं. गुणपत्रिकेची खरी नक्कल, तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. राजपत्रित अधिकारी कुठून आणायचा? मोहल्ल्यात शिकलगार, बागवान, हमाल, टांगेवाले. सही करणारा एखादा भला प्राध्यापक किंवा पशुवैद्यकीय अधिकारी ठाऊक असे, त्याच्या दारात सकाळी सातला रांग. मग डोमिसाइल, नॅशनॅलिटी, उत्पन्नाचा दाखला, स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र, डिमांड ड्राफ्ट, आणि सगळं रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. ती गुलाबी पोचपावती परत आली की अर्धं मेडिकल मिळाल्यासारखं वाटे. आया ती कुराणशरीफच्या रेहलजवळ जपून ठेवत.

नव्वदच्या दशकात आमच्या अर्जात एक रकाना जड झाला. जात. तांबोळी, अत्तार, बागवान, मुलाणी, पिंजारी या मुसलमान जमातींना ओबीसी म्हणून सवलत मिळू लागली, त्यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं घासाघीस केली होती. पण आमच्या बापजाद्यांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलेलं? ‘मुसलमान’. एवढंच. मास्तरांनी नाव विचारलं, ‘दस्तगीर’ ऐकलं आणि पुढचं न विचारताच लिहून टाकलं. पानाची चंची घेऊन जन्मभर बाजारात बसलेला माणूस तांबोळी होता, हे साऱ्या पेठेला ठाऊक. कागदाला ठाऊक नाही. पुढे जात पडताळणीचा कायदा आला, २००१ पासून अमलात. खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा लाटणारे होते, म्हणून तो आला, आणि यायलाच हवा होता. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. आता १९६७ पूर्वी शाळेत गेलेला आजोबा हा आमच्यापैकी कितीजणांकडे असणार?

आमच्याच गल्लीतली एक मुलगी. नाव सांगत नाही, सांगायची गरज नाही. बाप टेम्पोवर ड्रायव्हर. राज्याची सीईटी तेव्हा नवी होती, १९९९ मध्ये सुरू झालेली. आधीच्या वर्षी नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं होतं. मुलीला सीईटीत मार्क असे की ओबीसीतून सरकारी कॉलेज नक्की, खुल्यातून जेमतेम हुकणारं. तिची आई माझ्याकडे फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, ‘भाईजान, इसमें हमारी जात लिखो ना, सबको मालूम है हम तांबोळी है।’ मी लिहिली. पुरावा शोधायला आम्ही तासगाव तालुक्यातल्या एका खेड्याच्या शाळेत गेलो. हेडमास्तर भला माणूस, वाळवी लागलेली रजिस्टरं त्यानं स्वतः काढून दिली. मुलीच्या आजोबांच्या नावापुढे मुसलमान. आजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे मात्र तांबोळी. मास्तर बदलला होता, एवढाच फरक. त्या एका शब्दाचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याचा जबाब, सगळं जोडून प्रकरण पडताळणीला गेलं. तिथे कधी साहेब रजेवर, कधी फाइल वरच्या टेबलावर. यादी लागली. नाव तात्पुरतं होतं. मुदत संपली. प्रमाणपत्र आलं ते मुदतीनंतर चार दिवसांनी.

पुन्हा एक वर्ष बसायला घरातून परवानगी नव्हती. बापाच्या कंबरेचा मणका तेव्हाच गेला होता. तिनं डी.फार्म. केलं. आमच्याकडे औषधाच्या दुकानाला ‘मेडिकल’ म्हणतात हे आपणाला ठाऊक आहेच. ती मेडिकलला गेली नाही, मेडिकलमध्ये बसते. दुकान तिचं स्वतःचं आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर मी उगाच रडगाणं गातोय असं वाटेल. डॉक्टरांचं अक्षर तिच्याइतकं भराभर वाचणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

२०१४ च्या जुलैमध्ये सरकारनं अध्यादेश काढून मुसलमानांतल्या मागास घटकांना पाच टक्के दिले. नोव्हेंबरात हायकोर्टानं नोकऱ्यांतला भाग थांबवला, शिक्षणातला राहू दिला. पण तोवर सरकार बदललं होतं आणि अध्यादेशाची मुदत कायदा न होताच सरली. त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या मोहल्ल्यात जितके दाखले काढले गेले, तितके आधी कधी निघाले नव्हते. आजही ते प्लॅस्टिकच्या फोल्डरांत आहेत.

आता मुलाखतीकडे येतो. कागद तपासायला बोलावलं तरी आमचे लोक त्याला ‘इंटरव्ह्यू’ म्हणत आणि इस्त्रीचे कपडे घालून जात. पण खरी मुलाखत काही ठिकाणी होती. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या कॉलेजात, लेखी झाल्यावर मुलाखत असे. तिथला पदवीचा अभ्यासक्रमही १९६२ चाच, मिरजेच्या बरोबरीचा. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ साली, गांधीशताब्दीच्या वर्षी, सुशीला नय्यर यांनी काढलं. तिथे प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे, अगदी ‘नीट’ येईपर्यंत. आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा त्या पेपरासाठी माझ्याकडून महिनाभर ‘सत्याचे प्रयोग’ घेऊन गेला होता. प्रवेश मिळाला नाही, पुस्तकही परत आलं नाही. त्याच्या आईनं सांगितलं, अजून वाचतोय. मग मी मागितलं नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची निवड तर प्रसिद्धच होती. तीन-तीन दिवस मुलांना ठेवून घ्यायचं, गटात कामं द्यायची, बोलायचं, पाहायचं. हा माणूस खेड्यातल्या दवाखान्यात टिकेल का, हे त्यांना बघायचं असे. वान्लेसांच्या मिरजेतल्या शाळेचीच ती मोठी बहीण म्हणा ना. २०१७ मध्ये नुसत्या ‘नीट’च्या गुणांवर मुलं घ्या, असं झाल्यावर त्या कॉलेजनं एमबीबीएसला त्या वर्षी फक्त एक विद्यार्थी घेतला आणि बाकीच्या जागा रिकाम्या ठेवल्या. शेवटी एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, अल्पसंख्याकांच्या कॉलेजांनाही ‘नीट’ लागू.

माझं मत विचाराल तर मी दोन्ही बाजूंनी ओढला जातो. डॉक्टर निवडताना त्याच्याशी चार शब्द बोलावेत, हे मला पटतं. आपण घरी स्वयंपाकाला बाई ठेवतानाही बोलतो. पण मुलाखतीचं टेबल आमच्या पोरांनी पाहिलेलं आहे. इंग्रजीत प्रश्न, बापाचा धंदा काय, कुठल्या भागात राहता, आणि आडनाव ऐकल्यावर क्षणभर थांबलेली ती शांतता. यादी तशी थांबत नाही. तिला तोंड दिसत नाही. जाळीच्या आतल्या त्या पुसट टंकलिखित कागदावर आमच्या लोकांचा विश्वास बसला, तो यामुळे. म्हणून मोजून-मापून मी यादीच्या बाजूचा.

अर्थात यादीच्या बाजूला दुसरं एक दार निघालंच, आणि ते काढणारे आपल्याच जिल्ह्यातले. वसंतदादा पाटील १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि विनाअनुदान तत्त्वावर खाजगी व्यावसायिक कॉलेजांना त्यांनी परवानगी दिली. स्वतः फारसं न शिकलेल्या या माणसाचं म्हणणं साधं होतं. आपली पोरं कर्नाटकात पैसे भरून शिकायला जातात, ते पैसे इथे राहू देत, कॉलेजं इथे होऊ देत. १९८४ मध्ये कराडला कृष्णा मेडिकल कॉलेज झालं, पुढे कोल्हापूर, पुणे, आणि २००५ मध्ये सांगलीत भारती विद्यापीठाचं. कॉलेजं झाली, हॉस्पिटलं झाली, रोग्यांची सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘डोनेशन’ हा शब्दही त्याबरोबर गावोगाव गेला. देणगीविरोधी कायदा १९८७ मध्ये करावा लागला, यातच सगळं आलं. यादीत नाव नाही आणि जमीन आहे, अशा घरांत वाट पाहण्याची जागा शेत विकण्याच्या बोलण्यानं घेतली. जमीनच नसलेल्या घरांत काही बदललं नाही.

नंतरचा इतिहास कोर्टांच्या तारखांचा. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यातून देशपातळीवरच्या पंधरा टक्के जागा आल्या, म्हणजे याद्या दोन झाल्या. ‘नीट’ २०१३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा झाली, जुलैत रद्द ठरली. २०१६ सालची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं ‘नीट’ सक्तीची केली. १ मे ला तिचा पहिला टप्पा. ५ मे ला आपली राज्याची सीईटी, जिच्यासाठी पोरांनी दोन वर्षं राज्याची पुस्तकं घोकलेली. आता ती चालणार की नाही? घराघरांत एनसीईआरटीची पुस्तकं आणायला धावपळ, लातूर-कोट्याच्या क्लासेसच्या जाहिराती. २४ मे ला अध्यादेश निघाला, यंदापुरती सीईटी चालेल. महिनाभर आमच्या शेजारचा मुलगा एका हातात एक पुस्तक आणि दुसऱ्या हातात दुसरं घेऊन गच्चीवर फिरत होता. त्याचे अब्बा, सतारीचे भोपळे कोरणारे कारागीर, मला म्हणाले, ‘मास्तर, सूर लावून झाल्यावर कोणी तार बदलतं का?’

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विनजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीतल्या एका नातेवाइकांना बोटीतून बाहेर काढलं, तेव्हा बाईंच्या डोक्यावर एकच पिशवी होती. मला वाटलं दागिने. निघाल्या मुलीच्या मार्कशीटा, डोमिसाइल आणि नॉन-क्रिमी लेयर, तीन पदरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षाच सप्टेंबरात झाली, आणि त्याच महिन्यात राज्यानं ७०-३० चा विभागवार कोटा काढून टाकला. म्हणजे आपल्या भागातल्या जागा आपल्या भागातल्या मुलांना, ही १९६२ पासून डोक्यात बसलेली गोष्ट संपली. मराठवाड्यातली मुलं त्यासाठी भांडत होती, त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. २०२४ च्या ४ जूनला निकाल लागला, त्यात सदुसष्ट जणांना ७२० पैकी ७२०. पेपर फुटल्याच्या तक्रारी, कोर्ट, फेरनिकाल, त्यात जुलै संपला.

आता अर्ज भरायला माझ्याकडे कोणी येत नाही. मुलं मोबाइलवर भरतात, नाहीतर नेट कॅफेवाला पन्नास-शंभर रुपयांत भरून देतो. पहिली फेरी, दुसरी फेरी, स्ट्रे व्हेकन्सी हे शब्द त्यांना तोंडपाठ. यादी पीडीएफमध्ये येते, नाव शोधायला बोटही ठेवावं लागत नाही. पण एका कामासाठी अजून दार वाजतं. आजोबा-पणजोबा उर्दू शाळेत गेलेले असले की त्यांची रजिस्टरं उर्दूत, शिकस्ता लिपीत, आणि ती वाचणारे आता कमी उरले. परवाच एक बाप मुलीला घेऊन आला. झेरॉक्सची झेरॉक्स, शाई फुटलेली. चष्मा पुसून, उजेडाकडे धरून बघितलं. सन १९५१, इयत्ता दुसरी. जातीच्या रकान्यात चार अक्षरं, त्यातलं मधलं घडीत गेलेलं. मुलगी म्हणाली, ‘चाचा, अत्तार है ना?’ मी म्हटलं, बेटा, शाळेतून मूळ रजिस्टरच बघून येऊ, सोमवारी सकाळी ये.